कचरा साहेबांच्या दारात ओतण्याआधी दोन दिवस कोपऱ्यावर बसा

या वेळचं पत्र पुण्याच्या सिंहगड रोडवरून आलंय. थोडं कापून देतेय.

"आमची ४२ फ्लॅटची सोसायटी आहे. गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीला लागून, रोज कचऱ्याचा ढीग पडतो. पूर्वी तिथे महापालिकेचा कंटेनर होता, तो नेला, कचरा मात्र तिथेच राहिला. कुत्री पिशव्या फोडतात. सासरे रोज संध्याकाळी फिरायला जायचे, एकदा कुत्रं अंगावर आलं तेव्हापासून घरातच बसून आहेत. पालिकेच्या ॲपवर चार वेळा तक्रार टाकली, चारही वेळा 'निराकरण झाले' म्हणून बंद. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला की हात जोडलेले इमोजी येतात आणि विषय संपतो. चेअरमन म्हणतात आपल्या कंपाउंडच्या बाहेरचं आहे ते. आता मी ठरवलंय, दहा जणांना घेऊन तो सगळा कचरा क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात नेऊन ओतायचा. मिस्टर म्हणतात तुझ्या एकटीने काय होणारे. तुम्ही सांगा, करू का? – कोपऱ्याला कंटाळलेली"

ताई,

ओतू नका. म्हणजे निदान आत्ता तरी नको. राग अगदी रास्त आहे, चार वेळा 'निराकरण झाले' वाचल्यावर माझंही डोकं फिरलं असतं, पण तुम्ही ओतलेला कचरा साहेब उचलणार नाहीत हो, सकाळी हजेरी लावून आलेली झाडूवाली बाईच उचलणार, आणि तिचा या सगळ्यात दोष काय तर ती तुमचाही ढीग रोज उचलते आणि दुपारपर्यंत तो परत तयार होतो. शिवाय दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईल, तिसऱ्या दिवशी कोपरा लखलखीत होईल, आणि पुढच्या सोमवारी काय होईल ते तुम्हाला माहितीचे.

रस्त्यावर उतरूच नये असं मी म्हणत नाहीये. उरुळी देवाची आणि फुरसुंगी, म्हणजे जिथल्या डेपोत पुण्याचा कचरा नेऊन टाकायचे ती गावं, तिथल्या लोकांनी अख्ख्या पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्यात, आणि त्याही कितीदा तरी. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हा तर तीनेक आठवडे गाड्या आत सोडल्या नाहीत आणि इकडे शहरात चौकाचौकात ढीग लागले, तेव्हा कुठे आपल्याला कळलं की आपण रोज सकाळी दाराबाहेर ठेवतो ते जातं कुठे. पण त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं होतं, अर्ज-विनंत्या-बैठका सगळं करून झालं होतं, आणि त्यांना काय पाहिजे ते दोन शब्दांत सांगता येत होतं, डेपो बंद करा. तुम्हाला काय पाहिजे? "कचरा नको" एवढं सांगून भागत नाही, कारण समोरचा साहेब म्हणणार मला तरी कुठे हवाय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कुत्री आहेत, चेअरमन आहेत, ॲप आहे, सासरे आहेत. पण तो कचरा टाकतं कोण, हे त्यात कुठेच नाहीये.

आमच्या गल्लीच्या टोकाला असाच एक ढीग होता, बंद पडलेल्या लाँड्रीच्या शटरसमोर. टाकतं कोण हे आम्हा सगळ्यांना "माहिती" होतं. कोणी म्हणायचं मागच्या वस्तीतले लोक, कोणी म्हणायचं पीजीतली पोरं, कोणी म्हणायचं ती चायनीजची गाडी. ज्याला जो आवडत नव्हता त्याचं तो नाव घ्यायचा, सरळ हिशोब. शेवटी आमच्या तळमजल्यावरचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले, ते म्हणाले की बाई गं, ताळेबंद न बघता कर्ज कुणाच्या नावावर टाकताय? आणि मग मी आणि ते काका त्यांच्या जुन्या मारुतीत चहाचा थर्मास घेऊन दोन दिवस बसलो. सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि रात्री साडेनऊ ते बारा. काकांनी वहीत स्केलने रेघा मारून रकाने पाडले होते, वेळ, कुठल्या बाजूने आला, चालत की गाडीवर, पिशवी कसली. मला हसू येत होतं पण पुढे त्या वहीनेच सगळं काम केलं.

दोन दिवसांत ५७ पिशव्या. त्यातल्या ३८ सकाळी सव्वासात ते पावणेनऊ या वेळात, आणि त्या ३८ पैकी बहुतेक सगळ्या आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या गेटातून बाहेर पडलेल्या. वस्तीच्या बाजूने आल्या फक्त २. एक गृहस्थ तर असे की ॲक्टिव्हाच्या पुढच्या हुकाला पिशवी लटकवलेली, कोपऱ्यावर आले, गाडी थांबवली पण नाही, चालत्या गाडीवरच डाव्या हाताने पिशवी हुकातनं सोडवली आणि सोडून दिली, ती घरंगळत जाऊन शटरला टेकली आणि हे सरळ सिग्नलकडे. इतकी सफाई रोजच्या सरावाशिवाय येत नाही! दोन्ही दिवस सेम. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, कारण ते ॲक्टिव्हावाले गृहस्थ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. ग्रुपवर "स्वच्छता ही आपली जबाबदारी" टाकणारे तेच.

आता यात खरी गंमत पुढेच आहे. ही माणसं काही वाईट नव्हती. आमच्याकडे कचरा न्यायला ज्या कचरावेचक ताई यायच्या त्या दहाच्या सुमाराला यायच्या, आणि साडेआठला ज्या घराला कुलूप लागतं त्या घराने ओला कचरा ठेवायचा कुठे? दाराबाहेर बकेट ठेवायची सोय नाही, कारण दोन वर्षांपूर्वी आम्हीच मीटिंगमध्ये ठराव केला होता की पॅसेजमध्ये बकेटी ठेवायच्या नाहीत, वास येतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. सेक्रेटरींनीच मांडलेला ठराव, मीही हात वर केला होता, खोटं कशाला बोलू. म्हणजे पॅसेज चकाचक ठेवायला आम्ही कोपरा घाण केला आणि वर वस्तीला शिव्या देत बसलो.

तर तुम्ही पहिलं काम हे करा. बसा. दोन दिवस पुरतात, त्यातला एक रविवार घ्या म्हणजे सुट्टीचा फरक कळतो. फोटो काढायचे तर ढिगाचे काढा, माणसांचे काढून ग्रुपवर टाकू नका, हे मी बजावून सांगतेय. एकदा का कोणाचा चेहरा ग्रुपवर गेला की तो माणूस आयुष्यभर तुमच्या विरोधात, कचरा राहतो बाजूला आणि पार्किंगची जुनी भांडणं वर येतात. आणि खरं सांगू का, असे फोटो नेहमी भाडेकरूंचे, बॅचलर पोरांचे नाहीतर कामवाल्या बायांचेच टाकले जातात, ॲक्टिव्हावाल्या सेक्रेटरींचा कोणी टाकत नाही.

बसायच्या आधी अजून एक करा, तुमच्याकडे कचरा न्यायला ज्या ताई येतात त्यांच्याशी बोला. पुण्यात बऱ्याच भागात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक दारोदार कचरा गोळा करतात, त्यांना घरटी महिन्याचे पैसे मिळतात आणि सुका कचरा विकून वरचे चार पैसे सुटतात. तेव्हा कुठल्या घरातून कचरा येतच नाही हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण तो त्यांचा बुडालेला पैसा आहे. कोपऱ्यावर पडणारी ती गच्च बांधलेली पिशवी, ज्यात वरणभाताबरोबर दुधाच्या पिशव्या आणि पुठ्ठे कोंबलेले असतात, ती आपल्या दृष्टीने घाण, त्यांच्या दृष्टीने नासवलेला माल. पण त्यांच्याकडून नावं काढून घेऊ नका, त्या रोज त्याच जिन्याने वर जातात, त्यांना तुमच्या भांडणात साक्षीदार करणं बरं नव्हे. एवढंच विचारा की किती घरं देत नाहीत आणि वेळ बदलली तर देतील का. आमच्या ताईंनी हे विचारल्यावर दोन मिनिटांत सांगितलं की तुमची बिल्डिंग आधी घेते आणि पलीकडची नंतर, तिथे सगळे म्हातारेच आहेत, ते काय दिवसभर घरीच असतात! साडेसातला यायला लागल्या. आणि पार्किंगमध्ये जिन्याखाली झाकणाच्या दोन मोठ्या बकेट, एक ओली एक सुकी, ज्यांना साडेसात पण जमत नाही त्यांच्यासाठी. त्या महिन्याच्या शेवटी काका परत एकटेच गाडीत जाऊन बसले, सकाळच्या पिशव्या ३८ वरून ९ वर आल्या होत्या. पालिकेत कोणी पाऊलही ठेवलं नव्हतं तोपर्यंत.

(जाता जाता, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. हातांनी कचरा निवडणारी माणसं आहेत ती. हे मी दर तिसऱ्या पत्राच्या उत्तरात लिहिते आणि लिहीत राहणार.)

आता उरलेल्या पिशव्या. यात पालिका लागते.

तुमची तक्रार चार वेळा बंद का झाली ते सांगते. तुम्ही लिहिलं असणार "कोपऱ्यावर कचरा साठलाय". ती तक्रार जाते खाली, माणूस येतो, कचरा उचलतो, स्वच्छ जागेचा फोटो काढतो, तक्रार बंद. त्याच्या दृष्टीने तो खोटं बोललेला नाहीये, साठलेला उचलला की. तुमचा प्रश्न साठलेल्याचा नाही, साठण्याचा आहे, आणि तो त्या ॲपच्या रकान्यात मावत नाही. त्यामुळे ॲपवर पाचवी तक्रार टाकण्यापेक्षा आधी तुमची आरोग्य कोठी कुठली ते शोधा. पुण्यात झाडणकाम करणारे कर्मचारी सकाळी जिथे हजेरी लावतात ती जागा, बहुतेक एखाद्या पुलाखाली नाहीतर मंडईच्या मागे छोटी खोली असते, आपण रोज समोरून जातो आणि आपल्याला माहीत नसते. तिथे मुकादम भेटतील, त्यांच्या वर आरोग्य निरीक्षक. तुमच्या कोपऱ्याला पालिकेच्या भाषेत 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात, हा शब्द वापरा, त्यांना लगेच कळतं की बाईंना काहीतरी माहिती आहे.

आणि जाताना वही न्या. आम्ही गेलो तेव्हा मुकादमांनी आधी नेहमीचं सुरू केलं, माणसं कमी आहेत, लोकच ऐकत नाहीत, वगैरे, त्यात खोटं काही नव्हतं. मग काकांनी वही उघडून दाखवली, दोन्ही रात्री अकरा चाळीसच्या आसपास एक माणूस हातगाडीवरून पोतं आणून टाकतो, कोबीची पानं आणि कोंबडीची हाडं, याच बाजूने येतो. मुकादम वाकून वाचायला लागले. म्हणाले हे आम्हाला कोण सांगतंच नाही हो, रात्रीचं आम्हाला कसं दिसणार. दोन दिवसांनी रात्री त्यांची माणसं येऊन उभी राहिली, पोतंवाल्याला पावती फाडली, परत एकदा फाडली, मग पोतं बंद झालं. म्हणजे आमच्या कोपऱ्यावर बंद झालं, दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यावर सुरू झालं असेल का, असेलही, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. घरातून येणाऱ्या पिशवीला वेळ आणि बकेट द्यायची, धंद्यातून येणाऱ्या पोत्याला पावतीच द्यायची. लोक नेमकं उलटं करतात, शेजाऱ्याला दंड लावा म्हणतात आणि हॉटेलवाल्याला हात जोडतात कारण तिथे उधारी असते. आणि राडारोडा असेल, म्हणजे कोणाचं तरी बाथरूम फोडलेलं, फरशांचे तुकडे, तर तो त्याच दिवशी उचलून घ्या, त्यासाठी मात्र ॲप वापरा आणि मागे लागा. राडारोड्याचा एक ढीग पडला की रस्त्यावरनं जाणारा प्रत्येक जण समजतो इथे टाकायची परवानगी आहे.

देवांच्या टाइल्स लावायचा विचार कोणीतरी सुचवेलच, तेव्हा आधीच सांगते, नको. भिंतीवर साईबाबा, येशू, मक्का-मदिना ओळीने लावलेले आणि त्यांच्या बरोबर खाली पिशव्या, हे दृश्य मी डोळ्यांनी बघितलंय. देवाला वॉचमनची ड्युटी देऊ नये. कुंड्या ठेवल्या तर आठवड्यात चोरीला जातात किंवा त्यांच्यातच कचरा पडतो, ज्याला पाणी घालायला माणूस नेमलेला नाही ती कुंडी ठेवू नका. रांगोळीचा उपयोग होतो, पण पहिले पंधरा दिवस रोज काढली तर, आणि ती काढायला कोणीतरी तिथे बसलेलं असतं म्हणून होतो, रंगांमुळे नाही.

आता लोक येत नाहीत हे दुखणं. तुम्ही ग्रुपवर लिहिता "सर्वांनी पुढाकार घ्यावा". सर्वांनी म्हणजे कोणी? ४२ घरांपैकी प्रत्येकाला वाटतं बाकीच्या ४१ जणांबद्दल चाललंय. दहा जण गोळा करायच्या नादी लागूच नका, तीन शोधा, आणि ग्रुपवर नाही, दार वाजवून. आणि प्रत्येकाकडे एकच गोष्ट मागा, तीही अशी की नाही म्हणायला लाज वाटावी. "काका, शनिवारी सकाळी सात ते आठ माझ्याबरोबर खुर्ची टाकून बसाल का, चहा मी आणते." "वहिनी, तुमच्या मजल्यावरची चार घरं साडेआठच्या आत बाहेर पडतात ना, त्यांना बकेटचं तुम्ही सांगाल का." आमच्याकडे सगळ्यात जास्त काम केलं ते शाळेतल्या एका नववीतल्या पोरीने, तिने वहीतले आकडे घेऊन एका कागदावर रंगीत खडूने कचऱ्याचं घड्याळ काढलं, किती वाजता किती पिशव्या, आणि लिफ्टमध्ये चिकटवलं. कोणाचं नाव नाही, फ्लॅट नंबर नाही. सव्वासात ते पावणेनऊची फाक लालभडक. लिफ्टमध्ये माणूस उभा असतो आणि दुसरं बघायला काही नसतं. ॲक्टिव्हावाले सेक्रेटरी तो कागद बघून एक दिवस काकांना म्हणाले, "अरे बापरे, एवढे लोक टाकतात?" आणि पुढच्या मीटिंगला पॅसेजचा ठराव मागे घ्यायचं त्यांनीच मांडलं. आम्ही कोणी काही बोललो नाही. बोलायचं नसतं.

तुमच्या चेअरमनना पण असंच घ्या. "कंपाउंडच्या बाहेरचं आहे" यावर वाद घालू नका, आत होतं तेवढंच मागा, जिन्याखाली बकेट ठेवायला जागा. बाहेरचं त्यांच्याशिवाय होतं. आणि ओला कचरा सोसायटीतच जिरवायची तयारी असेल तर गांडूळखत प्रकल्पाला पुण्यात मालमत्ता करात सूट आहे, हे वाक्य मीटिंगमध्ये टाकून बघा, सूट म्हटलं की झोपलेले मेंबर जागे होतात.

हे सगळं करून महिना-दीड महिना झाला आणि पालिकेकडचा भाग हललाच नाही, तर कागद सुरू करायचे. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर, हे पुणेकराला सांगायला नको. क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची बैठक असते, त्याची तारीख विचारून तिघं जण जा, तिथे खात्याचे अधिकारी समोर बसलेले असतात आणि बोललेलं इतिवृत्तात लिहायला लावता येतं. तरी नाही झालं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्रात तसा नियमच आहे. त्यात "कचरा का उचलत नाही" असं विचारायचं नाही, 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. विचारायचं असं की या ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत कचरा टाकणाऱ्या किती जणांवर दंडाची कारवाई झाली, त्याच्या पावत्यांच्या प्रती द्या, आणि इथल्या झाडणकामाचं हजेरीपत्रक दाखवा. उत्तराला ३० दिवस. गंमत अशी की बऱ्याचदा उत्तर यायच्या आधीच कोपऱ्यावर माणूस उभा दिसायला लागतो.

नगरसेवकाकडे जाल तर जा, पण सोसायटीचं लेटरहेड आणि वही घेऊन जा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथे "आपला परिसर, स्वच्छ परिसर" असा फोटोसकट फ्लेक्स लागेल आणि कचरा त्या फ्लेक्सच्या मागे जाईल.

आणि कोपरा मोकळा झाला की तो तसाच मोकळा सोडायचा नाही. तुमच्या सासऱ्यांचं मला राहून राहून वाटतंय. पुणे महापालिकेत २००६ पासून एक सोय आहे, नागरिकांनी बजेटमध्ये कामं सुचवायची, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला मुदत असते आणि एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा आहे. तिथे एक बाक आणि डीपीच्या बाजूला एक दिवा मागा. अर्ज सासऱ्यांच्या नावाने करा. लगेच मिळेल असं नाही, आमचा पहिल्या वर्षी नामंजूर झाला, दुसऱ्या वर्षी बाक आला, दिवा अजून यायचाय. पण त्या बाकावर संध्याकाळी तीन म्हातारे बसलेले असतात आणि त्यांच्या समोर पिशवी टाकायची कोणाची छाती होत नाही, कारण ते टाकणाऱ्याला हाक मारून आधी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, आणि मग अर्धा तास सोडत नाहीत. कुत्र्यांचं म्हणाल तर खायला पडायचं थांबलं की त्यांचा कोपऱ्यावरचा मुक्कामही बराच हलतो, आमच्याकडे हलला. सासऱ्यांना मात्र पहिले काही दिवस कोणीतरी सोबत न्या, एकदा बसलेली भीती एकट्याने जात नाही.

राहता राहिले मिस्टर. एकटीने काय होणार म्हणतात ना, बरोबरच म्हणतात, त्यांना रात्री साडेनऊ ते बाराची पाळी द्या. वही, पेन आणि थर्मास तुम्ही भरून द्या, आणि दुसऱ्या दिवशी मला कळवा की किती वाजता कोण आलं.